फायबरच्या खोक्यातली हवा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की माझ्या अनुभवात आपल्या भागातलं इंटरनेट फायबरची काच तुटून बंद पडतं त्याहून जास्त वेळा खोक्यातली हवा बिघडल्यामुळे बंद पडतं. त्यावर बरीच पत्रं आली. काही पत्रं अगदी नेमकी आहेत, तारीख-वेळेसकट. अशा पत्रांना उत्तर द्यायला मला फार बरं वाटतं.

नवीन वाचकांसाठी दोन ओळी. मी सांगलीत दूरध्वनी केंद्राच्या देखभालीत २३ वर्षं काढली. तेव्हा स्विच रूमच्या बाहेर चपला काढून आत जायचं. भिंतीवर दमटपणा मोजणारा ओल्या-कोरड्या फुग्याचा थर्मामीटर असायचा आणि त्याचे आकडे दर तासाला वहीत लिहायचे. आता तीच यंत्रं लहान झाली, प्रकाशावर चालू लागली आणि चौकातल्या पत्र्याच्या खोक्यात एकटी उभी राहिली. वही लिहिणारं माणूस तिथे उरलं नाही. कुपवाडच्या माझ्या शेडमध्ये मी त्या वहीचं काम करणारी कार्डं बनवते. तापमान, दमटपणा, दार, पाणी, पंखा आणि बॅटरी यांच्यावर ती लक्ष ठेवतात.

प्रश्न : मॅडम, माझी साडेचारशे कनेक्शन आहेत. ओएलटी (फायबरवरून सगळ्या घरांना प्रकाश पाठवणारं आमच्याकडचं मुख्य यंत्र) दुकानाच्या पश्चिमेकडच्या भिंतीला पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये लावलाय. मार्च लागल्यापासून रोज दुपारी २ ते साडेचार एका पोर्टवरची लांबची गिऱ्हाइकं तुटतात. त्यांच्या घरी लॉसचा, म्हणजे प्रकाश येत नसल्याचा, लाल दिवा लागतो आणि संध्याकाळी सगळं आपोआप सुरू होतं. पोर्टमध्ये बसणारे लेसरचे दोन मॉड्यूल बदलले. कॅबिनेटच्या दाराला आतून थर्मामीटर लावलाय. तो ४४ दाखवतो आणि ओएलटीच्या पुस्तकात ५० पर्यंत चालतो असं आहे. वरचा पंखा मोठा बसवू का? खर्च बेताचा हवा.
— केबल व्यावसायिक, तासगाव तालुका

उत्तर : पंखा आत्ताच घेऊ नका. आधी थर्मामीटरची जागा बदला. दाराला लावलेला थर्मामीटर दाराजवळची हवा सांगतो. ओएलटीला त्या हवेशी काही देणंघेणं नाही. पुस्तकातले ५० अंश हे ओएलटी जी हवा आत ओढतो, त्या हवेचे असतात. तुमचा ओएलटी बहुधा एका युनिट उंचीचा, म्हणजे चपटा असेल. अशी बरीच यंत्रं एका कुशीतून हवा ओढतात आणि दुसऱ्या कुशीतून सोडतात. कॅबिनेट अरुंद असलं की सोडलेली गरम हवा मागून वळसा घालून पुन्हा पहिल्या कुशीत येते, आणि यंत्र आपलाच उच्छ्वास परत घेत राहतं. बाहेर ४०, दाराला ४४ आणि ओढणीच्या तोंडाशी ५५, असं मी स्वतः मोजलंय.

खरं कळायला तीन सेन्सर लागतात. डीएस१८बी२० नावाचा तीन वायरींचा सेन्सर स्वस्त मिळतो आणि आपल्या हवामानात अर्ध्या अंशापर्यंत बरोबर सांगतो. एक ओढणीच्या तोंडाशी, एक सोडणीच्या तोंडाशी आणि एक बाहेर, कॅबिनेटच्या सावलीत लावा. ओढणीच्या आकड्यातून बाहेरचा वजा केला की कॅबिनेट किती वाईट आहे ते कळतं. सोडणीतून ओढणी वजा केली की पंखा आणि जाळी किती वाईट आहेत ते कळतं. नुसतं ४४ बघून यातलं काहीच कळत नाही.

आता तुमची गिऱ्हाइकं दुपारीच का तुटतात ते बघू. ओएलटीच्या पडद्यावर प्रत्येक मॉड्यूलची मापं दिसतात : तापमान, व्होल्टेज, लेसरचा बायस करंट (लेसर पेटता ठेवणारा), जाणारी पॉवर आणि येणारी पॉवर. बहुतेक जण फक्त पॉवर बघतात. लेसर तापला की तेवढ्याच करंटवर कमी प्रकाश देतो. मग मॉड्यूलमधलं सर्किट करंट वाढवून प्रकाश होता तेवढा टिकवतं. त्यामुळे पॉवरचा आकडा तासभर हलत नाही आणि बायस मात्र चढत राहतो. सर्किटची ताकद संपली की प्रकाश एकदम उतरतो. पहिली जातात ती आधीच काठावर असलेली घरं. जीपॉन म्हणजे एका फायबरवरून अनेक घरांना नेट देण्याची पद्धत. तिच्या बी-प्लस वर्गात घरच्या यंत्राला उणे २७ डीबीएमपर्यंत दिसतं (डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, आकडा जितका उणे तितका प्रकाश कमी). ज्यांच्याकडे सकाळी उणे २६ येतं, त्यांना एका डेसिबलहून जास्त उतरण परवडत नाही. जवळच्या उणे २० वाल्यांना काही जाणवत नाही, म्हणून ही केबलचीच भानगड आहे असं वाटतं. साध्या मॉड्यूलचं कवच ० ते ७० अंशांसाठी बनवलेलं असतं, औद्योगिक प्रकारचं उणे ४० ते ८५ साठी. सकाळी ८ आणि दुपारी ३ वाजता त्या पोर्टचं तापमान आणि बायस लिहून ठेवा. चार दिवसांत चित्र स्पष्ट होईल. काढलेली दोन मॉड्यूल टाकू नका, ती चांगली असण्याची शक्यता बरीच आहे.

उपायाला पैसे लागतील त्या क्रमाने सांगते. पश्चिमेचं ऊन थेट पत्र्यावर येतंय, ते आधी अडवा. कॅबिनेटला पांढरा रंग द्या आणि वरून व पश्चिमेच्या बाजूने चार बोटं अंतर सोडून दुसरा पत्रा लावा, म्हणजे मधून हवा वर जाईल. मग आत ओएलटीच्या दोन कुशींच्या मध्ये पत्र्याचा पडदा घाला, म्हणजे सोडलेली हवा परत येणार नाही. एवढ्यावर किती फरक पडतो ते मोजा आणि मगच पंख्याचा विचार करा.

पंख्याचा हिशोब सोपा आहे. आत जेवढे वॅट जळतात त्यांना परवडणाऱ्या अंशांनी भागा आणि ३ ने गुणा. आलेला आकडा म्हणजे तासाला लागणारी हवा, घनमीटरमध्ये. आत ३०० वॅट जळत असतील आणि बाहेरपेक्षा १० अंश जास्त चालणार असतील, तर ९० घनमीटर लागतील. १२० मिलिमीटरचा एक चांगला पंखा जाळी लावूनही तेवढी हवा देतो. दुप्पट मोठा पंखा लावला तरी बाहेरच्या ४० अंशांच्या खाली तो कधी नेणार नाही, धूळ मात्र दुप्पट ओढेल. पंखा वरून हवा उपसणारा लावण्यापेक्षा खालून जाळीतून आत ढकलणारा लावा. उपसणारा पंखा दाराच्या फटीतून, केबलच्या भोकातून, मिळेल तिथून धूळ आत घेतो. ढकलणारा लावला की फटींतून हवा बाहेरच जात राहते.

पंखा ३८ अंशांना सुरू आणि ३३ ला बंद असा ठेवा. दोन्ही आकडे एकच ठेवलेत तर रिले दिवसभर टकटक करून महिन्यात जळेल. आणि एक गोष्ट कृपा करून विसरू नका : रिलेच्या ज्या संपर्कातून पंखा चालवाल तो मुळात जोडलेला असणारा घ्या, म्हणजे कार्ड बंद पडलं तर पंखा आपोआप चालूच राहील. मी असे कंट्रोलर पाहिलेत, ज्यात कंट्रोलर मेला की पंखाही थांबतो. यंत्राला वाचवायला बसवलेल्या कार्डाने यंत्र मारलं, हे मला सहन होत नाही.

जाळीबद्दल सांगते. तुमच्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत फड पेटवले की काजळीचे काळे तंतू उडतात. ते जाळीवर बसले की वाऱ्याने निघत नाहीत, जाळी साबणाच्या पाण्यानेच धुवावी लागते. मागच्या जानेवारीत एका कॅबिनेटमध्ये ओढणी-सोडणीतला फरक तीन आठवड्यांत ६ अंशांवरून १३ वर गेलेला मला दिसला. जाळी बदलताच तो पुन्हा ६ झाला. म्हणून जाळी धुण्याची तारीख कॅलेंडरवर ठरवू नका. फरक १० च्या वर गेला की संदेश यावा अशी सोय करा.

प्रश्न : आमचं बेदाण्याचं शेड आहे. ऑफिसात फायबरचा कन्व्हर्टर आणि एक छोटा स्विच आहे. दरवर्षी हंगाम संपेपर्यंत दोन-तीन पोर्ट मरतात, आतलं तांबं काळं पडतं. कारागीर म्हणतो दमटपणा आहे. उन्हाळ्यात कसला आलाय दमटपणा?
— बेदाणा उत्पादक, कवठेमहांकाळ तालुका

उत्तर : तुमची शंका बरोबर आहे. तुमच्या शेडमध्ये बेदाण्याला पिवळा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देता ना? गंधक जळला की सल्फर डायऑक्साइड होतो. तो थोड्याशाही ओलाव्याबरोबर तांब्याला खातो. न जळता उडालेली गंधकाची वाफ चांदीला काळं करते. घरातलं चांदीचं निरांजन काळं पडतं त्यामागेही गंधकाचीच संयुगं असतात. काही सर्किट बोर्डांवर तांब्याला चांदीचा मुलामा असतो आणि पोर्टच्या बारीक भोकांशी तो सगळ्यात आधी जातो. शिवाय बागेत भुरीसाठी गंधकाची भुकटी मारली की तीही हवेत असतेच. काचेच्या तंतूला यातलं काही होत नाही. मरतं ते त्याच्या टोकाला असलेलं इलेक्ट्रॉनिक्स.

इथे मोठा पंखा लावणं म्हणजे गंधक आणखी आत ओढणं. खोली वेगळी करता आली तर उत्तमच. फायबरची काच मीटरमागे स्वस्त पडते, तेव्हा आणखी ६० मीटर फायबर ओढून कन्व्हर्टर घराच्या पडवीत न्या. ते जमत नसेल तर रबरी गॅस्केट असलेला पूर्ण बंद डबा घ्या. तुमचा कन्व्हर्टर आणि स्विच मिळून २०-२५ वॅटच्या वर जात नाहीत. तेवढी उष्णता सावलीतल्या धातूच्या मोठ्या डब्याच्या भिंतीतूनच निघून जाते. जास्त वॅट असतील तर आतली हवा आत आणि बाहेरची बाहेर ठेवून फक्त उष्णता पलीकडे देणारा हीट एक्स्चेंजर लागतो.

हवा किती खाणारी आहे ते मोजायला महागडं यंत्र नको. तांब्याची एक आणि चांदीची एक पट्टी घासून चकचकीत करा आणि डब्यात टांगा. मोठ्या डेटा सेंटरांतही हीच पद्धत आहे, फक्त ते चढलेला थर प्रयोगशाळेत मोजतात. महिन्याला तांब्यावर ३०० आणि चांदीवर २०० अँगस्ट्रॉमपेक्षा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) कमी थर चढला तर हवा सौम्य समजतात. तुम्हाला डोळ्यांनी बघितलं तरी पुरेल. धुरीच्या खोलीजवळ एक जोडी आणि डब्यात एक जोडी टांगा. महिन्यानंतर दोन्ही शेजारी ठेवा आणि फोटो मला पाठवा.

प्रश्न : ताई, आमच्या घराच्या भिंतीला नेटवाल्याचं खोकं आहे. हल्ली रात्री फार घुमतं. नेटवाला म्हणतो, उन्हाळाभर दार उघडं ठेवत जा. ठेवू का?
— एक गृहिणी, पलूस

उत्तर : नका ठेवू, ताई. दार उघडलं की पंख्याची हवा जवळच्या वाटेने फिरून जाते आणि आतल्या यंत्रापर्यंत पोचत नाही. पाली आणि मुंग्यांना ऊब आवडते. पॉवर सप्लायच्या टोकांवर चिकटून मेलेल्या पाली मी बऱ्याच काढल्या आहेत. घुमणं वाढलं याचा अर्थ जाळी तुंबल्यामुळे पंखा जास्त जोराने फिरतोय किंवा त्याचं बेअरिंग गेलं आहे. त्याला सांगा, की अमुक तारखेपासून आवाज वाढलाय, जाळी धुऊन दे. हे काम त्याचंच आहे.

प्रश्न : आमच्या लॉजमध्ये खालच्या खोलीत फायबरचा रॅक आहे. जून ते सप्टेंबर धुकं खोलीत शिरतं. दमटपणा कमी व्हावा म्हणून एसी १८ वर लावला, तर रॅकच्या पत्र्यावरून पाणी ओघळायला लागलं. सेन्सर कायम ९९ टक्के दाखवतो, एसी लावा की बंद करा. यंत्र खराब आहे का?
— व्यवस्थापक, महाबळेश्वर

उत्तर : वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात तुम्ही हवेशी भांडताय, आणि एसीमुळे भांडण वाढलंय. हवेत जेवढी वाफ असते तिला एक ठरलेलं तापमान असतं. त्याच्यापेक्षा थंड वस्तू मिळाली की वाफ तिथे पाणी होऊन बसते. त्याला दवबिंदू म्हणतात. ५० टक्क्यांच्या वरच्या हवेसाठी एक अडाखा लक्षात ठेवा : दमटपणा १०० पासून जितके ५-५ टक्के खाली, तितके अंश दवबिंदू हवेपेक्षा खाली. तुमच्या खोलीत २० अंश आणि ९५ टक्के असेल तर दवबिंदू १९. एसीच्या झोतातला पत्रा १४-१५ पर्यंत उतरतो. मग पाणी ओघळणारच. दार उघडून कोणी आत आलं की धुक्याची नवी खेप येते आणि पुन्हा तेच.

तुम्हाला थंड करायचंच नाही, थोडं गरम करायचं आहे. २० अंश आणि ९५ टक्क्यांची हवा फक्त ५ अंशांनी तापवली तर तिचा दमटपणा ७० टक्क्यांवर येतो. वाफ तेवढीच राहते, फक्त ती पाणी होण्यापासून लांब जाते. रॅक दारं लावून बंद करा, तळाशी ५० वॅटचा पॅनेल हीटर लावा आणि त्याला दमटपणावर चालणारा स्विच जोडा. ७५ टक्क्यांना सुरू, ६५ ला बंद. तुमची यंत्रं स्वतःही उष्णता देतातच, हीटर खरं तर लाइट जाऊन आल्यानंतरच्या तासांसाठी आहे. बंद पडून गार झालेल्या यंत्रावर दव बसतं आणि लाइट येताच त्या दवातून वीज जाते. म्हणून माझ्या कार्डात मी अशी सोय ठेवते, की वीज आली की आधी हीटर आणि सर्वात थंड पत्रा दवबिंदूच्या ३ अंश वर गेल्यावरच यंत्र. त्यासाठी एक तापमानाचा सेन्सर हवेत न टांगता रॅकच्या धातूला चिकटवावा लागतो.

तुमचा सेन्सर ९९ वर अडकलाय, कारण तो भिजलाय. अशा सेन्सरमध्ये वाफ शोषणारा पातळ थर असतो. आठवडेच्या आठवडे ओला राहिला की तो वरचाच आकडा धरून बसतो. ज्यात आतच बारीक हीटर असतो असा सेन्सर घ्या, एसएचटी३१ मध्ये तो असतो. अधूनमधून तो स्वतःला तापवून कोरडा करतो.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याचा भोपळा आणि लाकूड कशा हवेत ठेवायचं याची जाण पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथल्या एका वयस्क कारागिराने मला सांगितलं होतं, की पावसाळ्यात वाद्याशेजारी दिवा असू दे, वारा नको. दवबिंदू हा शब्द त्यांनी वापरला नाही, पण तुमच्या रॅकचं उत्तर त्यात आहे.

केबल रॅकमध्ये वरून शिरत असेल तर तीही बदला. खालून आणा, शिरण्याआधी खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, आणि भोकाला रबरी ग्लँड लावा.

प्रश्न : जत तालुक्यात आमची ४८ व्होल्टची बॅटरी बँक १४ महिन्यांत बसते. दुकानदार ४ वर्षं सांगून देतो. बॅटरी नकली आहे का?
— नेटवर्क चालक, जत

उत्तर : नकली असेलही, पण आधी तापमान बघा. आपल्याकडे अशा सीलबंद बॅटरीचं आयुष्य २७ अंशांना धरून सांगतात आणि त्यावर साधारण दर १० अंशांना ते निम्मं होतं. ४२-४५ अंशांच्या खोक्यात ४ वर्षांची दीड वर्षं होणं हे गणितात बसतं.

दुसरं म्हणजे चार्जिंग. बॅटरी तापली की तिला कमी व्होल्ट द्यायचे असतात, दर सेलला दर अंशाला सुमारे ३ मिलिव्होल्ट. तुमचे २४ सेल आहेत, म्हणजे अंशाला ७२ मिलिव्होल्ट. २७ अंशांना ५४ व्होल्ट देत असाल तर ४२ ला ५२.९ च्या आसपास हवेत. रेक्टिफायरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला, यासाठीच एक लांब वायरीचा तापमान सेन्सर दिलेला असतो. मी उघडलेल्या कित्येक कॅबिनेटांत तो पिशवीत तसाच गुंडाळलेला किंवा हवेत लोंबणारा सापडला. तो मधल्या बॅटरीच्या अंगाला चिकटपट्टीने घट्ट लावा. आणि बॅटरी ओएलटीच्या सोडणीच्या हवेत ठेवू नका, तिला सगळ्यात खालचा, वेगळा कप्पा द्या.

प्रश्न : मॅडम, आमचं उपकरण सांगलीत नदीपासून फार लांब नाही, तळमजल्यावर आहे. २०१९ च्या महापुरात सगळं गेलं, २०२१ ला थोडक्यात वाचलं. पाण्याचा सेन्सर लावायचा आहे. एक पुरे का, आणि कुठे?
— इंटरनेट व्यावसायिक, सांगली

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला ऑगस्ट २०१९ ची ती रात्र आठवली. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. एका केंद्राच्या तळमजल्यावर बॅटऱ्या जमिनीवरच होत्या. पाण्याचा सेन्सर होता आणि त्याने कामही केलं. पण त्याचा संदेश ज्या स्विचमधून जायचा होता तो स्विच त्याच बॅटऱ्यांवर होता. बॅटऱ्या बुडाल्या, स्विच गेला आणि संदेश तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी होडीतून जाऊन आम्ही खिडकीतून आत बघितलं. त्या खोलीतलं एकेक यंत्र मी हाताने लावलं होतं.

म्हणून सेन्सरच्या आधी संदेशाची वाट बघा. निरोप देणाऱ्या कार्डाला त्याची स्वतःची छोटी बॅटरी आणि मोबाइलचं सिम हवं, आणि ते खोलीत सगळ्यात वर, छताजवळ हवं. तुमच्या फायबरवर त्याने अवलंबून राहायचं नाही.

सेन्सर तीन लावा. पहिला जमिनीला टेकलेला, पाणी लागलं की वाजणारा. हा बहुतेक वेळा नळ गळला किंवा एसीची नळी तुंबली म्हणून वाजेल, आणि तेही कळायला हवंच. दुसरा फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याने उचलला की चालणारा, वितभर उंचीवर. तो उचलला की कार्डाने मुख्य २३० व्होल्टचा पुरवठा स्वतः तोडायचा. उपकरणं बॅटरीवर चालू राहतील. तिसरा सगळ्यात खालच्या यंत्राच्या चार बोटं खाली. तो उचलला की बॅटरीही तोडायची. गिऱ्हाइकांची सेवा आपल्याच हाताने बंद करताना जीवावर येतं, मला माहीत आहे. पण वीज चालू असताना बोर्ड बुडाला तर पाण्यातून जाणारा करंट तांब्याच्या रेषा काही मिनिटांत खाऊन टाकतो. बंद असताना बुडालेला बोर्ड स्वच्छ पाण्याने, मग शुद्ध पाण्याने धुऊन, नीट वाळवून पुष्कळदा परत उभा राहतो. २०१९ नंतर मी स्वतः वाळवलेल्या कार्डांपैकी जी सुरू झाली, ती सगळी पाणी पोचायच्या आधी बंद केलेली होती. फायबर, स्प्लिटर (एका तंतूतला प्रकाश अनेक घरांना वाटणारा) आणि नीट मिटलेली जोडणी यांना वीज लागत नाही. ती पाण्याखालीही प्रकाश नेतात.

सांगलीच्या माणसाला आयर्विनचा आकडा पाठ असतो, तोच कामाला लावा. ४० फूट ही इशारा पातळी. तुमच्या गल्लीत, मग पायरीवर, मग उंबऱ्यावर पाणी आलं तेव्हा आयर्विनला किती फूट होते, हे जुन्या लोकांना विचारून २००५, २०१९ आणि २०२१ च्या आठवणींवरून एका कागदावर लिहा आणि कागद रॅकच्या दारावर आतून चिकटवा. उंबऱ्याच्या आकड्यापेक्षा ४ फूट आधी जनरेटर आणि बॅटऱ्या हलवायला सुरुवात करायची, हे आजच ठरवून ठेवा. त्या रात्री कोणालाही ठरवायला सुचत नाही. आणि जमलं तर उपकरण पहिल्या मजल्यावर न्या. सेन्सर पाण्याला अडवत नाही.

प्रश्न : मॅडम, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. फायबर कॅबिनेटवर नजर ठेवणारा प्रोजेक्ट करतेय. ईएसपी३२ (वायफाय असलेलं छोटं कंट्रोलर कार्ड) आणि डीएचटी२२ (तापमान-दमटपणाचा सेन्सर) वापरून वायफायवरून तापमान पाठवते. सर म्हणाले, एसएफपी मॉड्यूल (पोर्टमध्ये बसणारं लेसरचं मॉड्यूल) स्वतःच तापमान सांगतं, मग हे कशाला? काय उत्तर देऊ?
— विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : तू माझ्या धाकट्या भाचीच्या वयाची असशील, म्हणून एकेरी लिहिते. सरांचा प्रश्न चांगला आहे. मॉड्यूल तापलंय एवढंच मॉड्यूल सांगू शकतं. जाळी तुंबली, पंखा थांबला, ऊन आलं की एसी बंद पडला, हे त्याला माहीत नसतं. शिवाय ते बोलतं ओएलटीमार्फत, म्हणजे ओएलटी पडला की तेही गप्प. लांब पल्ल्याच्या डीडब्ल्यूडीएम यंत्रणेचं उदाहरण सरांना दे. तिथे एकाच तंतूत अनेक रंगांचे प्रकाश शेजारी-शेजारी चालतात. १०० गिगाहर्ट्‌झच्या मांडणीत दोघांमध्ये सुमारे ०.८ नॅनोमीटर अंतर असतं. लेसर एका अंशाने तापला की त्याची तरंगलांबी साधारण ०.१ नॅनोमीटर सरकते, म्हणजे ८ अंशांत तो शेजाऱ्याच्या जागेवर पोचेल. म्हणून अशा लेसरच्या खाली नखाएवढा पेल्टियर (विजेवर गार करणारी चकती) बसवलेला असतो आणि तो लेसरला ठरलेल्या तापमानावर धरून ठेवतो. पण पेल्टियर आतली उष्णता बाहेरच्या पत्र्यावर टाकतो. बाहेरची हवाच तापली तर ती उष्णता जाणार कुठे? मॉड्यूलच्या आत एवढी सोय असूनही खोलीत एसी आणि सेन्सर लागतात, ते यामुळे.

आता तुझ्या प्रोजेक्टमधल्या दोन गोष्टी बदल. तुझा संदेश वायफायवरून त्याच फायबरने जातो, ज्याच्या बिघाडाची खबर तो देणार आहे. वर सांगलीच्या उत्तरात काय झालं ते वाच. घरच्या ओएनटीमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकाकडच्या फायबरच्या डब्यात, यावर एक सुंदर सोय असते. वीज गेली की आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या चार्जवर तो मरता-मरता एक शेवटचा संदेश ओएलटीला पाठवतो, की माझी वीज गेली. त्यामुळे काच तुटली की लाइट गेली हे चालकाला बसल्या जागी कळतं. तुझ्या कार्डालाही असा एक मोठा कपॅसिटर दे.

दुसरं म्हणजे दाराचा स्विच. तो दार बंद असताना सर्किट जोडलेलं राहील असा लाव. मग दार उघडलं तरी इशारा आणि कोणी वायर कापली तरी इशारा. उलटा लावलास तर कापलेली वायर ‘दार बंद आहे’ असंच सांगत राहील.

आणि सेन्सरवर आंधळा विश्वास ठेवू नको, घरी तपास. तापमानाचा जलरोधक सेन्सर कुटलेला बर्फ आणि पाणी यांच्या घट्ट मिश्रणात धर, शून्य यायला हवं. दमटपणासाठी काचेच्या बरणीत एका झाकणात मीठ घे, त्यात थोडं पाणी घालून ओल्या वाळूसारखं कर. सगळं विरघळता कामा नये. त्याच्या वर, मिठाला न लागता, सेन्सर टांग आणि बरणी घट्ट बंद करून रात्रभर ठेव. मिठावरच्या हवेचा दमटपणा २५ अंशांना ७५ टक्के असतो. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा असं कर. दोन्ही वेळचे आकडे मला लिहून पाठव. डीएचटी२२ किती सरकला ते मलाही बघायचंय.